सेकंदाला दोन फेरे

“हळू, हेर इंजिनियर,” असे म्हणत शेजारच्या मादाम उजव्या हाताची मूठ हवेत गोल फिरवीत; ‘हेर’ म्हणजे जर्मनमध्ये श्रीयुत. कार्ल्सरूहेतल्या आमच्या इमारतीचा जिना मी भराभर चढू लागलो की हे ठरलेले. ती मूठ म्हणजे मूकपटाच्या कॅमेऱ्याचा दांडा. दांडा फिरवणाऱ्याच्या लयीशी पाऊल जुळवून चालायला मादाम सोळाव्या वर्षी पॅरिसात शिकल्या होत्या, आणि शंभरी ओलांडली तरी तशाच चालत.

बोलपट आले तेव्हा वाईट आवाजामुळे त्यांना काढले, असे इथल्या वृत्तपत्राने छापले होते. साफ खोटे. तो आवाज मी अकरा वर्षे शेजारून ऐकला आहे, खणखणीत होता. बोलपटात माइकखाली खिळून उभे राहावे लागे, हे खरे कारण. “मी चालणारी नटी होते,” त्या म्हणत, “उभी राहणारी नव्हे.” सात चित्रपट करून त्यांनी आपण होऊन काम सोडले, आणि पुढे लग्न करून जर्मनीत आल्या.

त्या सातांतला एकच उरला आहे. २०१२ साली गावच्या चित्रपट मंडळाने तो दाखवला. भाऊ युद्धात मारला गेल्याचे पत्र घेऊन बहीण, म्हणजे मादाम, दारापासून आईच्या खुर्चीपर्यंत चालत जाते. पडद्यावर ती तुरुतुरु धावली, आणि सभागृह हसले. मादाम पहिल्या रांगेत होत्या. परतताना एवढेच म्हणाल्या, “तेव्हा लोक रडले होते.”

दुसऱ्याच दिवशी मी मंडळाच्या अध्यक्षांशी भांडलो. जुने चित्रपट असेच पळतात, लोकांना मजा येते, हे त्यांचे म्हणणे. चाळीस वर्षे यंत्रांचे वेग जुळवलेल्या माणसाला ते हे ऐकवत होते.

मी मादामना मूठ फिरवायला सांगितली आणि घड्याळ लावले. साठ फेरे, तीस सेकंद. पुन्हा मोजले, तेवढेच. एका फेऱ्याला आठ चित्रे, म्हणजे सेकंदाला सोळा. मंडळ दाखवत होते चोवीस.

“शंभर वर्षांच्या बाईंची मूठ हा पुरावा नव्हे,” अध्यक्ष म्हणाले.

“मग आपण फिरवून दाखवा.”

त्यांनी फिरवली. दहा सेकंदांतच लय सुटली.

माझी सून सॉफ्टवेअरमधली. “बाबा, वेग कमी करणं माझं दहा मिनिटांचं काम,” ती म्हणाली होती, “त्यांना हो म्हणायला लावणं तुमचं.” दोन्ही झाले.

दुसऱ्या खेळात बहीण सावकाश चालली. कोणी खोकलेसुद्धा नाही. मादामनी पडद्याकडे पाहिलेच नाही. आपली खुर्ची त्यांनी आधीच उलटी फिरवून घेतली होती. त्या प्रेक्षकांचे चेहरे पाहत होत्या, आणि मांडीवर मूठ फिरत होती.

पुढच्या वसंतात त्या गेल्या. मृत्युलेखात त्यांना विनोदी नटी म्हटले होते. संपादकांना मी पाठवलेले पत्र छापले गेले नाही, म्हणून वाचकहो, इथे लिहितो: त्या विनोदी नव्हत्या. त्या रात्री त्या सभागृहात मी होतो. लेख लिहिणारा नव्हता.

त्यांच्या दारावर आता दुसऱ्याचे नाव आहे. तिथवर आलो की माझे पाऊल हळू पडते.