एक मेचं दूध

रायस्वाइक या डच शहरातल्या आमच्या इमारतीत समोरच्या घरात राहणाऱ्या बाई मूळच्या आयर्लंडमधल्या खेड्यातल्या. एक मेला त्या उंबऱ्यावर पिवळी फुलं पसरतात. उन्हाळ्याच्या या पहिल्या दिवशी घरातलं दूध किंवा विस्तव कुणाला दिला, तर वर्षभराचं भाग्य त्याच्यामागून जातं, असं त्या मानतात. बोलण्याआधी त्या एक श्वास घेतात. नवरा अंथरुणाला खिळल्यापासून तो श्वास लांबला आहे.

यंदा त्या सकाळी माझ्या मुलीला ताप होता. दुधाशिवाय ती काही घेत नव्हती आणि दूध संपलं होतं. घरी आम्ही दोघीच. तारीख विसरून मी कप घेऊन त्यांच्या दारात गेले.

त्यांनी कपाकडे पाहिलं. "आज नाही गं पोरी. आज त्याच्या रिपोर्टचा फोन यायचाय."

"आमच्याकडेही तिन्हीसांजेला दूध देत नाहीत," मी म्हणाले.

"मग तुला कळेल. इथल्यांना वाटतं, म्हातारी कंजूष आहे."

मी वळले, तेवढ्यात त्या फुलं ओलांडून बाहेर आल्या. "दूध देता येत नाही, पण मला येता येतं. तो झोपलाय. तू दुकानात जा."

वीस मिनिटांनी मी परतले, तेव्हा मुलीच्या पलंगाशेजारच्या खुर्चीत त्या गाढ झोपल्या होत्या. मुलीने ओठांवर बोट ठेवलं आणि ती डचमध्ये कुजबुजली, "हळू. आत्ताच झोपल्यात."

फोन त्यांच्या मांडीवर होता. तो वाजेपर्यंत मी त्यांना उठवलं नाही.