सुकीने टाकलेली उत्तरं

आमच्या घोलवडच्या वाडीत दुपारी चिकू निवडायला ज्या चार-पाच बायका येत, त्यांत सुकीचा हात सगळ्यांत जलद. फळ टेबलावर आलं की डाव्या हाताने फिरवायचं, डाग, खरचटा, मऊपणा बघायचा, नको ते मागच्या टोपलीत आणि हवं ते खोक्यात. हे करताना ती बोलत असे आणि बोलताना फळाकडे बघतसुद्धा नसे. खोकं भरून झाल्यावर कुणी मोजायला गेलं नाही, कारण तिच्या खोक्यात कधी फळ कमी-जास्त निघालं नाही.

सकाळी मात्र ती आपल्या पाड्यावरच्या अंगणवाडीत मदतनीस होती. खिचडी शिजवायची, पोरांना घराघरातून गोळा करायचं, नाकं पुसायची. तिथल्या सेविकाबाई पुढच्या वर्षी निवृत्त होणार होत्या. मदतनीस दहावी पास असेल तर पहिला हक्क तिचा, नसेल तर जागा बाहेरच्या बाईला जाणार. आमच्याकडची तीन वर्षांची पोरं घरात वारली बोली बोलतात. बाहेरची बाई मराठीत गाणी म्हणायला लागली की ती नुसती टकामका बघत बसतात. सुकीने हे आधी एकदा पाहिलं होतं. बदली म्हणून आलेल्या बाईसमोर पोरं चार महिने गप्प बसली आणि शेवटी निम्मी यायचीच थांबली. ते तिच्या मनाला लागलं होतं.

म्हणून २०१६ साली, लग्नाला दहा वर्षं झाल्यावर, तिने सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी दिली. सगळे विषय सुटले. गणित राहिलं, चार गुणांनी. जुलैत परत दिलं, तेव्हा तीन गुणांनी राहिलं. भूमिती ठीक होती. बीजगणितात माती होत होती.

तिचा नवरा लाहू आमच्याच खोक्यांचा टेम्पो स्टेशनला नेतो. तो तिला चिडवायचा, की गणित आणि तू, दोघंही हट्टी, आता कोण आधी थकतं ते बघायचं. पण सतरा नंबरच्या फॉर्मसाठी डहाणूला दोन खेपा त्यानेच घातल्या होत्या.

दिवाळीनंतर एका दुपारी ती टेबलावर माझ्यापुढे वही ठेवून उभी राहिली. पाड्यावरची माणसं सगळ्यांनाच अरेतुरे करतात, त्यात अनादर नसतो.

“वहिनी, तू कॉलेजात गणित केलंस ना? मग सांग, मी कुठं चुकते.”

मी बी.एस्सी.ला गणित घेतलं होतं खरं, पण लग्नानंतर वीस वर्षांत त्याला हात लावला नव्हता. तरी वर्गसमीकरणं अवयव पाडून सोडवायची इतकं आठवत होतं. मला वाटलं, हिला अवयवच पाडता येत नसणार. बहुतेकांचं तिथेच अडतं. मी वहीत लिहिलं: x² + 3x − 40 = 0.

तिने पेन्सिलही उचलली नाही. “आठ आणि पाच,” म्हणाली.

मी विचारलं, कसं काय? तिला प्रश्नच विचित्र वाटला. चाळीस फळांचं खोकं, एक बाजू दुसरीपेक्षा तीनने मोठी, तर पाच ओळी, प्रत्येकीत आठ. यात काय विचार करायचा? अठ्ठेचाळीस म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे सहा-आठ यायचे, चौपन्न म्हटलं की सहा-नऊ. गुणाकार अमुक, बेरीज किंवा फरक तमुक अशा दोन संख्या शोधायला मी कागदावर खाडाखोड करायची, तोवर तिचं उत्तर तयार असायचं. चिन्हंही बरोबर. (x + 8)(x − 5) = 0, असं स्वच्छ अक्षरात तिने लिहून दाखवलं.

मग ही नापास होते कशी?

मी जुलैची प्रश्नपत्रिका आणायला सांगितली आणि माझ्यासमोर सोडवायला लावली. सासूबाई शेजारी खुर्ची टाकून बसल्या होत्या. वाडीच्या मालकीण त्या, नर्मदाबाई. त्यांचं म्हणणं, अभ्यास करा पण टेम्पो चारला निघतो, हे विसरू नका.

सुकीने चाळीसच्या जातीचं एक उदाहरण घेतलं, भराभर अवयव पाडले आणि शेवटी लिहिलं, x = 6. खाली रेघ मारली आणि पुढच्या उदाहरणाला लागली.

“दुसरं कुठे गेलं?” मी विचारलं.

“ते टाकलं.”

“का?”

“उणे होतं.” ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मीच नापास झाले होते. “उणे नऊ ओळींचं खोकं तू कधी बघितलंस?”

सासूबाई हसल्या. मला मात्र एकदम उलगडलं. मी जुन्या वह्या मागे मागे चाळत गेले. प्रत्येक उदाहरणात हेच. ऋण मूळ आलं की काट मारलेली. आणि x² + 7x + 12 = 0 सारखं, ज्यात दोन्ही मुळं ऋण येतात, उणे तीन आणि उणे चार, तिथे तिने दोन्हींवर काट मारून खाली लिहिलं होतं, ‘उत्तर नाही’. सगळी मेहनत बरोबर करून शेवटच्या ओळीत गुण फेकत होती बाई.

हे आलं कुठून, तर आश्रमशाळेतून. तिथल्या सरांनी शेताच्या लांबीचं एक उदाहरण सोडवताना सांगितलं होतं, लांबी ऋण नसते, म्हणून ते उत्तर टाका. सरांचं बरोबरच होतं. पण पुढे दहा वर्षं सुकीचे हात दुपारभर हेच करत होते. निवडा आणि टाका. टाकायचा माल ओळखणं हीच तिची हुशारी. तिने वहीतही तेच केलं.

मी तिला म्हटलं, त्या पहिल्या समीकरणात उणे आठ परत घालून बघ. तिने बोटावर नाही, तोंडी हिशेब केला. उणे आठचा वर्ग चौसष्ट. तीन गुणिले उणे आठ, उणे चोवीस. चौसष्टातून चोवीस गेले, चाळीस. चाळीसातून चाळीस गेले.

ती थांबली. परत एकदा केलं. मग x² + 7x + 12 मध्ये उणे तीन घातलं, उणे चार घातलं. दोन्ही वेळा शून्य.

“म्हणजे सडका नव्हता,” ती हळूच म्हणाली. “चांगला माल फेकत होते मी.”

मग मी सांगितलं. दोन कंसांचा गुणाकार शून्य आहे, म्हणजे हा कंस तरी शून्य आहे नाही तर तो. दोघांनाही सारखाच हक्क. म्हणून दोन्ही लिहायची.

एवढ्याने काम झालं असतं तर काय हवं होतं. पुढच्या आठवड्यात तिने शेताचं उदाहरण सोडवलं आणि लिहिलं, शेताची रुंदी बारा मीटर किंवा उणे पंधरा मीटर. मी कपाळाला हात लावला, म्हटलं, अगं, रुंदी उणे कशी असेल, ते टाक. ती चिडली. “एकदा टाक म्हणतेस, एकदा ठेव म्हणतेस. तुझ्यापेक्षा व्यापारी बरा.”

त्या दिवशी ती वही न घेताच गेली. तीन दिवस वही टेबलावर पडून होती. मला वाटलं, संपलं.

चौथ्या दिवशी निवडता निवडता तिनेच विषय काढला. मऊ फळ दिल्लीच्या खोक्यात घातलं तर वाटेत चिखल होतो, म्हणून ते आपण काढतो. पण तेच डहाणूच्या बाजारात आधी खपतं. फळात खोट नसते, मागणारा कोण ते बघायचं. “तसंच ना हे? शेत मागितलं तर शेताला विचारायचं, उणे चालेल का. नुसता x मागितला तर दोन्ही द्यायचे.”

मला वीस वर्षांपूर्वी कुणी हे असं सांगितलं नव्हतं.

मार्चमध्ये पेपर झाला त्या दुपारी ती थेट आमच्या चिकू निवडायच्या शेडवर आली. चेहऱ्यावरून काही कळेना. बसली, पाणी प्यायली, मग म्हणाली, एका उदाहरणात दोन्ही उणे आले, उणे चार आणि उणे पाच.

“हात थांबला, वहिनी. पेन काट मारायला गेलंसुद्धा. मग दोन्ही घालून बघितली. शून्य आलं.” तिने श्वास सोडला. “दोन्ही लिहिली.”

जूनमध्ये माझ्या फोनवर निकाल बघितला. तिने गुण विचारले नाहीत. पास लिहिलंय का, तेवढंच विचारलं. लिहिलं होतं. गणितात एकेचाळीस.

गुणपत्रिका हातात आली त्याच दिवशी ती डहाणूला अंगणवाड्यांच्या ऑफिसात गेली. मुख्यसेविकाबाई पाड्यांवर फिरतीला होत्या. शिपाई म्हणाला, कागद ठेवून जा. तिने ठेवला नाही. तीन तास बाकावर बसली आणि त्यांच्या हातातच दिला.

ऑगस्टमध्ये नेमणुकीचं पत्र आलं आणि सुकीचं शेडवर येणं बंद झालं. सेविकेला दुपारी नोंदवह्या लिहायच्या असतात, घरोघर जायचं असतं. सासूबाईंनी दोन दिवस मला ऐकवलं, शिकवलंस आणि चांगली बाई घालवलीस. तिसऱ्या दिवशी त्या चष्मा लावून स्वतःच टेबलाशी बसल्या आणि फळं निवडायला लागल्या.