आधी मी

रविवारची दुपार. पंखा फिरतोय, डोळे मिटताहेत. पलीकडच्या खोलीत गार्गी माफीनामा पाठ करतेय. उद्या प्रार्थनेनंतर तिला तो सगळ्या शाळेपुढे म्हणायचा आहे. तिचा आवाज लांब लांब जातो.

मी शाळेच्या वाचनालयात उभी आहे. ग्रंथपाल बिडवे सर पुस्तकांवर नंबर चिकटवताहेत. त्यांना जाऊन अकरा दिवस झालेत, हे मला ठाऊक आहे. तरी मी नमस्कार करते.

"बसा, ताई."

खुर्ची आमच्या जेवणाच्या टेबलाची आहे. हे आमचंच स्वयंपाकघर. मी पोळ्या वाढतेय आणि बोलतेय, "तो बिडवे शाळेची पुस्तकं रद्दीत विकतो." गार्गी हातात घास धरून ऐकतेय.

"कोणी सांगितलं तुम्हाला?" सर विचारतात.

"लोक बोलत होते."

"कोण लोक?"

मला एकही नाव आठवत नाही.

सभागृह भरलंय. वक्तृत्व स्पर्धा, विषय अभिव्यक्तिस्वातंत्र्य. तेरा वर्षांची माझी मुलगी माइकवर माझंच वाक्य म्हणते, सरांच्या नावासकट. पहिली टाळी माझी. सर शेवटच्या रांगेशी उभे, तिथली एक खुर्ची रिकामी असूनही.

"पुस्तकं बांधणीला गेली होती," ते म्हणतात. "चौकशीत निघालं ते. पण तोवर मला घरी बसवलं होतं. छाती जड व्हायची."

"सर, बोलायचा हक्क प्रत्येकाला..."

"आहेच. मीही मुलांना तेच सांगायचो. भाषण तुम्ही आधी ऐकलं होतंत?"

"हो."

"काय म्हणालात?"

"छान झालंय. घाबरू नकोस."

"मग उद्या ती एकटीच का उभी राहणार?"

सगळी शाळा वळून माझ्याकडे बघते. ते वाक्य माझं होतं, एवढंच म्हणायचंय. तोंड उघडतं, आवाज फुटत नाही.

"मोठ्यानं, ताई. मागे ऐकू येत नाही."

मी सगळा जीव एकवटते.

जाग येते. जीभ दाताखाली सापडलीय, तोंडात खारट चव. गार्गी दारात उभी.

"आई, ओरडलीस का?"

"उद्या मी येतेय शाळेत. मी बोलणार." शब्द जड, बोबडे निघतात.

"पण माइकवर तर मी बोलले ना?" ती खाली बघत म्हणते.

"तूही बोल. पण आधी मी."

ती जवळ येते, माझ्या उशीकडे बघत थांबते. पांढऱ्या अभ्र्यावर रक्ताचा ठिपका आहे, अजून ओला.