मिटल्या डोळ्यांचं प्रवचन

एलियाजमामा डोळे मिटून प्रवचन करीत. एकदा मी मधूनच उठून बसने बन्नूरला गेलो, गूळ घेतला, परत येऊन जागेवर बसलो. मामा अजून नोहाच्या नावेतच होते. पुढे ती नाव किनाऱ्याला लागली म्हणतात, मी काही पाहिली नाही.

म्हैसूरच्या अग्रहारात हे बेने इस्राएल कुटुंब आमच्या भिंतीला भिंत लावून राहत होतं. गावात ज्यूंचं प्रार्थनाघर, सिनेगॉग, नाही. म्हणून शनिवारची प्रार्थना मामांच्या पुढच्या खोलीत, आणि तिच्यामागून प्रवचन ठरलेलं. कुणी मुद्दाम खोकलं की मामा मिटल्या डोळ्यांनीच कानडीत दटावत, "स्वल्प तडी!" जरा थांब.

मामी गेल्या तेव्हा त्यांच्यात पुरुष नऊच उरले होते. मेलेल्या माणसासाठी म्हणायची कद्दीश दहा पुरुषांशिवाय म्हणता येत नाही. मामा वर्षभर नातवाचं, बेनीचं, तेरावं वर्ष सरायची वाट बघत थांबले. मुलाला पुरुषांत घेण्याचा विधी, बार मित्स्वा, झाली की बेनी दहावा.

बार मित्स्वाच्या शनिवारी सकाळी सून रिबेका म्हणाली, "बाबा, आज प्रवचन आवरतं घ्या. मोझेसकाकांची नंजनगूडच्या गिरणीत दोनची पाळी आहे, बाराची बस गाठायचीय त्यांना. आईंची कद्दीश आधी म्हणा ना."

"पोराला आज पुरुष म्हणायचं, आणि चार शब्द सांगायचे नाहीत? पाहुण्याला ओसरीवरूनच परत धाडायचं म्हण की! स्वल्प तडी."

बेनीने धर्मग्रंथाचं वाचन असं खणखणीत केलं की चामुंडी टेकडीवरच्या दगडी नंदीने कान टवकारले असतील. मग मामा उठले, डोळे मिटले. विषय होता धीर.

साडेअकराला मोझेस खोकला. "स्वल्प तडी!" पावणेबाराला चपला हातात घेऊन तो बाहेर पडला. बेनीने आजोबांची बाही ओढली.

"स्वल्प तडी, राजा."

मामांनी डोळे उघडले तेव्हा खोलीत चाळीस माणसं होती. पण बायका आणि आम्ही शेजारी त्या मोजणीत नव्हतो. मामांनी एकवार नजर फिरवली. दारापाशी जरा थांबवली.

"सांगायचं नाही का रे?"

"बाही ओढली ना, आजोबा."

रिबेका मलिद्याचं ताट घेऊन तशीच उभी होती. पोहे, गूळ, खोबरं. मामींच्याच हातच्या मापाचं.

"वाढ," मामा म्हणाले. "तुझ्या सासूची कद्दीश पुढच्या शनिवारी."

गुरुवारी सकाळी मामा गेले. ह्यात माझं तिखटमीठ नाही. दफनाला मोझेस रजा टाकून सगळ्यांच्या आधी हजर. बेनी त्याला खेटून उभा. दोघांना धरून पुरुष नऊच.