स्टेशनासमोरची खोली

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, मुलीला तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे — का, ते मलाही नीट कळलेलं नाही.

साठ सालाच्या आगेमागे यवतमाळला, छोट्या गाडीच्या स्टेशनासमोर, आम्ही भाड्यानं राहत होतो. शेजारची खोली रिकामी झाली, तेव्हा शेवंताला मालकीणकाकूंकडे मीच घेऊन गेले. ती दवाखान्यात नर्स, तिथेच आमची ओळख झालेली. नवरा राजूरच्या कोळसा खाणीत, सुटीपुरता यायचा. खोली पाहून ती अंगणात थांबली, हळूच म्हणाली, "ताई, आमच्या घरानं दीक्षा घेतली. आमी बौद्ध. मालकीणबाईले आधीच सांगून टाकतो."

"कायले सांगतं?" मी म्हणाले. "मी आहो ना."

मोठं मन होतं का ते? छे. मला शेजार हवा होता. माहेर लांब आर्णीला, आणि पोटात पहिलं मूल.

ते मूल तिच्याच हातांवर जन्मलं. अडलं होतं, दवाखान्यात न्यायला वेळ नव्हता. ती माझ्यावर ओरडली, मला धरून बसली, शेवटी माझ्याबरोबर रडलीसुद्धा. त्यानंतर काकू तिच्या हातचा चहा मागून प्यायच्या.

मग एक दिवस तिचे वडील गावाहून आले. लेक दिसताच फाटकातूनच त्यांनी आनंदानं हाक दिली — "जय भीम, पोरी!"

काकू अंगणात तूर पाखडत होत्या. हातातलं सूप थांबलं. शेवंताला त्यांनी काहीच विचारलं नाही, माझ्याकडे वळल्या. मी दारात उभी, मुलगी कडेवर.

"तूनं आणलं होतं इले. तुले ठाऊक होतं काय वो?"

तुम्ही काय म्हणाला असतात? — नाही, हे विचारायचा मला हक्क नाही. मी म्हणाले, "नाही जी काकू. मले बी फसवलं इनं."

'नाही' म्हणून थांबता आलं असतं. पुढचं मला कुणी विचारलं होतं?

शेवंतानं माझ्याकडे पाहिलं. मग माझ्या कडेवरच्या पोरीकडे. एक शब्द बोलली असती, तर आमचंही बिऱ्हाड रस्त्यावर आलं असतं. ती म्हणाली, "ताईले काही माहीत नव्हतं. म्याच लपवलं."

सामान बांधून झाल्यावर तिचे वडील माझ्यापुढे हात जोडून उभे राहिले. "बाई, माह्या तोंडून निघून गेलं. तुमाले उगाच बोल लागला." — माझी माफी मागत होते ते. आणि मी ती ऐकून घेतली.

गाडीला उशीर होता. माझ्या खिडकीतून शेवंता दिसत होती, ट्रंकेवर बसलेली, बाप शेजारी. निदान पाणी तरी न्यावं, असं मनात आलं. मी खिडकी लावून घेतली — पोरीला झोपवायचं आहे, असं स्वतःलाच सांगत.

ती पुढे कुठे गेली, कळलं नाही. दवाखाना काही लांब नव्हता. विचारता आलं असतं.

थोड्याच दिवसांत त्या खोलीसाठी एक कुटुंब आलं. काकूंना बाजारात जायचं होतं. म्हणाल्या, "तूच बोलून घे त्याइच्याशी." ती बाई लेकराला घेऊन अंगणात उभी होती, उन्हातून चालून आलेली. मी पदर सावरला, दार अडवून उभी राहिले आणि पाणी विचारायच्या आधी तिला तिची जात विचारली.