आठव्या दगडाच्या बांगड्या

आज केजच्या बाजारात शेंदराचा तेलकट वास आला आणि आमच्या विहिरीचा काठ आठवला. तिथं साती आसरांचे, पाण्यातल्या सात देवींचे, सात दगड होते. माझी जुळी बहीण मंजी त्या विहिरीत बुडाली, तेव्हा आसरांनीच तिला नेलं, असं सगळे म्हणाले. पुढं आईनं त्या दगडांशेजारी आठवा, लहानसा दगड मांडला, शेंदूर फासला आणि हिरव्या बांगड्या ठेवल्या. दुसऱ्या सकाळी त्या तिथं नव्हत्या. पाण्याकडं बघत आई म्हणाली, "घातल्या बग तिनं. आता रडायचं न्हाई." माझे हात मोकळेच होते, मला मंजीचा हेवा वाटला.

आता आई नाही. त्या आठव्या दगडापाशी बांगड्या मी नेते. कासार माप विचारतो, तेव्हा मी माझाच हात पुढं करते.