तब्येतीचा माणूस

आमच्या भोकरदनकडे माणूस जाड झाला की 'तब्येत झाली' म्हणतात आणि वाळला की 'तब्येत उतरली'. मी जन्माचा तब्येतीचा. ऑफिसात मला कुणी नावानं हाक मारत नसे, शेठ म्हणत. मलाही ते बरं वाटायचं. पोट पुढे आणि मी मागे, असा आमचा क्रम.

त्याच पोटात, मोठ्या आतड्यात, कॅन्सर निघाला. संभाजीनगरला ऑपरेशन झालं. गाठ निघाली, पण चरबीमुळे जखम पिकली, टाके उसवले आणि ती कशीबशी भरून आल्यावर तिथंच हर्निया झाला. शी बाहेर यायला पोटाच्या डाव्या बाजूला वाट करून तिच्यावर पिशवी लावलेली. आतडं परत कधी जोडायचं, असं विचारलं तर डॉक्टर म्हणाले, आधी वजन उतरवा, नाहीतर पुन्हा हेच होईल. तोवर पिशवी.

ती पिशवी मला दिसतच नाही, पोटाच्या घडीखाली असते. बायको एका हातानं घडी वर धरते, दुसऱ्या हातानं पुसते आणि नवी पिशवी चिकटवते. मी डोळे मिटून घेतो. तान्ह्या पोराचं करावं तसं पन्नाशीतल्या माणसाचं करावं लागतं, ह्याची मला फार लाज वाटते. आणि लाजेपोटी मी तिच्यावरच चिडतो. पाणी गार आहे, हात जोरात लागला, असलं काहीतरी. पिशवीचं, वजन उतरवण्याचं, काहीच कुणाला सांगायचं नाही म्हणून तिला शपथही घातली होती. झाकली मूठ सव्वा लाखाची.

तेल, तूप, गोड सगळं सुटलं. वजन उतरत गेलं, तसं कातडं लोंबायला लागलं. मग पिशवी नीट बसेना, कडेनं पाझरायची. एक धड झालं की दुसरं बिघडायचं.

अशातच धावड्याला माझ्या थोरल्या अक्काच्या नव्या घराची वास्तुशांत आली. जावं लागलं. मला बघताच अक्का रडायलाच लागली, तब्येत पार गेली म्हणून. जेवायला मला पंगतीच्या कडेला खुर्ची दिली. बायको समोर बायकांच्या पंगतीत बसली. अक्का तूप वाढत आली आणि मी पुरणपोळीवर हात आडवा धरला. तिनं सरळ बायकोकडे मोर्चा वळवला.

"काय गं, उपाशी ठिवतीस का माझ्या भावाला? हाडं दिसून राह्यलीत त्याची."

सगळ्या बायका तिच्याकडे बघायला लागल्या. एका शब्दात ती सुटली असती, पण शपथ माझी. ती पोळीचा तुकडा नुसता चिवडत राहिली. इकडे माझ्या सदऱ्याखाली पिशवी भरत चालली होती, गरम लागत होती, मी ती कोपरानं दाबून बसलो होतो.

"बोल की, तोंड शिवलंय का?" अक्का म्हणाली.

शिवलं होतं मी. माझा आवाज मला वाटलं त्यापेक्षा मोठा निघाला.

"अक्का, तिला बोलू नको. डॉक्टरनंच वजन उतरवायला सांगितलंय. माझ्या पोटाला शीची पिशवी हाय. तीच काढती, तीच पुसती. मीच तिला सांगू दिलं न्हाई."

जेवत्या पंगतीत मी शी म्हणालो. शेजारच्या म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं.

अक्का तशीच वळून बायकांच्या पंगतीत गेली आणि बायकोच्या पोळीवर तूप वाढत राहिली, ते ताटात ओघळेपर्यंत.

"खा बाई. तू पडलीस तर ह्याचं कोन करंल?"

बायको मान खाली घालून जेवायला लागली. घास तोंडाशी नेताना तिच्या बांगड्या मनगटावरून पार कोपरापर्यंत घसरत होत्या. वर्षभर वजनकाट्यावर मी एकटाच उभा राहत आलो होतो.